मोबाइल एक, कलमं तीन

काशीयात्रेला निघालात? मग मोबाइलबरोबर एवढी माहितीही जवळ असू द्या.

दशाश्वमेध घाटावर आरतीच्या गर्दीत खिशातला मोबाइल कुणी काढून घेतला, तर ती साधी चोरी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हातातून हिसकावून पळाला, तर कलम ३०४. कैद ३ वर्षांपर्यंतच, पण दंडही होतोच. आणि रेल्वेच्या डब्यातून किंवा बसमधून लांबवला, तर कलम ३०५. मग कैद ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

वस्तू तीच, पण कशी आणि कुठून गेली यावर गुन्हा ठरतो. किंमतही महत्त्वाची. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्याहून महाग मोबाइल असेल, तर एफआयआर नोंदवावाच लागतो.

म्हणून चोरी झाली असताना तक्रारीत ‘हरवला’ असं लिहून देऊ नका. जागा, वेळ, प्रकार आणि किंमत स्पष्ट लिहा. बिलाचा फोटो घरच्यांकडे ठेवा.

परतीची गाडी सुटत असेल, तरी घाबरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार आपल्या गावच्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. त्याची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्याच.