ऑनरोडच्या एका आकड्यात पाच सौदे

नवी मोटार घ्यायला निघालेलं कुटुंब शोरूममध्ये शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ऑनरोड किती पडेल?" विकणाऱ्याला यापेक्षा सोयीचा प्रश्न नाही. गाडीची किंमत, जुन्या गाडीचा भाव, कर्ज, विमा आणि ॲक्सेसरीज असे पाच सौदे, वर सरकारी कर, हे सगळं त्या एका आकड्यात कालवता येतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "अजून दहा हजार कमी करा." समोरचा कुरकुरत सहा हजार सोडतो आणि दोघंही खूश होतात. ते सहा हजार कुठून सोडले आणि कुठं भरून घेतले, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नसतो.

मी कोल्हापुरात महामार्गालगतच्या एका शोरूममध्ये बिलिंगला होते. निवृत्त झाल्यापासून गल्लीतले, नात्यातले लोक कोटेशनचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांनी टोकन देऊन टाकलेलं असतं, "बरोबर आहे ना, वहिनी?" एवढंच त्यांना ऐकायचं असतं. त्या कागदांवरून आणि नोकरीत पाहिलेल्या व्यवहारांवरून माझं मत पक्कं झालंय. घासाघीस करून फारसं हाती लागत नाही. सौदे सुटे करावेत, आणि ते सुटे करून दाखवण्याची सक्ती सरकारनं विक्रेत्यावर करावी.

विकणारी मुलं काही लुटारू नसतात. आमच्याकडची बहुतेक आसपासच्या गावांतली, बेताच्या पगारावर आणि महिन्याच्या टार्गेटवर जगणारी. धंद्याचं गणितच असं आहे की नव्या गाडीवर वितरकाचा नफा पातळ असतो. जागेचं भाडं, स्टॉकसाठी उचललेल्या कर्जाचं व्याज आणि पगार यात तो विरून जातो. खरी कमाई बाजूच्या ओळींमध्ये: विम्याचं कमिशन, कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून येणारा पेआउट, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी. गिऱ्हाईक मात्र सगळा जोर लावतं गाडीच्या किमतीवर, म्हणजे जिथं सुटायला सगळ्यात कमी असतं तिथं. बाकीच्या ओळींवर ते नुसती सही करतं.

"मॅनेजरशी बोलून येतो" हा प्रकार मी माझ्या टेबलावरून रोज पाहायची. माझ्या बाजूला काच होती, पलीकडं मॅनेजरची केबिन आणि तिच्या पुढं पँट्री. पोरगा गिऱ्हाइकासमोरून घाईनं उठायचा, केबिनवरून सरळ पुढं जायचा, पँट्रीत चहा घ्यायचा, मोबाईल चाळायचा. परत येताना चेहरा असा, की आत भांडून आलाय. "सर, तुमच्यासाठी तीन हजार सोडवून आणले. पण बुकिंग आजच करा, उद्या हे मला जमणार नाही." ते तीन हजार सकाळच्या मीटिंगमध्येच त्याच्या हातात दिलेले असायचे.

यावर उपाय सोपा आहे. "छान. हे कोटेशनवर लिहा, किती तारखेपर्यंत आहे तेही लिहा, आम्ही घरी बोलून सांगतो," एवढं म्हणायचं आणि उठायचं. आजची सवलत उद्या क्वचितच मरते. कंपन्यांच्या योजना साधारण महिन्याच्या असतात आणि महिनाअखेरीला टार्गेट अपुरं असलं की उलट वाढतात. जानेवारीत, एप्रिलमध्ये कंपन्या दर वाढवतात हे खरं, पण ती वाढ आधी जाहीर होते, पेपरात छापून येते. विक्रेत्याच्या तोंडून पहिल्यांदा कळलेली दरवाढ जरा तपासूनच घ्यावी.

आता कागदावरच्या ओळी. कर आणि सरकारी शुल्क यात घासाघीस नाही, पण पडताळणी आहे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे आठ लाखांच्या गाडीला साधारण ८८ हजार. खासगी मोटारीचं नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. नोंदणीच्या नावाखाली याहून बरीच मोठी रक्कम दिसली तर तपशील मागा आणि गाडी मिळताना कर-शुल्काची सरकारी पावती घ्या. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट गाडीसोबतच येते; तिचे वेगळे पैसे कशाला? सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला, तो सरकारनं कमी केला. त्याला शोरूमची सवलत समजू नका. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस घेतात. तो तुमच्याच पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. तो खर्चात धरून सोडून देणारे पेन्शनर मी पाहिलेत.

"हँडलिंग", "लॉजिस्टिक", "डेपो चार्जेस" ही ओळ सरकारी शुल्कांच्या मधोमध बसवलेली असते, म्हणजे तीही सरकारीच वाटावी. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. "ही रक्कम कुठल्या नियमानं, आणि तिची वेगळी पावती मिळेल का?" एवढं शांतपणे विचारलं की आमच्याकडं ती ओळ बहुधा गळायची. जो विचारायचा नाही, तो भरायचा.

विम्याची ओळ सगळ्यात जाड. आमच्या शेजारच्या निवृत्त सरांच्या कागदावर विम्याचे ४१ हजार होते. त्यांच्या मुलानं तीच आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, आणि तेच ॲड-ऑन धरून बाहेर चौकशी केली, तर ३० हजारांच्या आत काम होत होतं. नव्या मोटारीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून आला. या भागाचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तो तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये होता, वर जीएसटी. तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तो वर्षाचाच पुरे. तुलना करताना आयडीव्ही आणि ॲड-ऑन सारखे ठेवा, नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी नुसती तोकडी असते.

"बाहेरून विमा घेतला तर आमच्याकडं कॅशलेस होणार नाही," ही धमकी तुम्ही ऐकालच. कॅशलेसचा करार विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यात असतो. कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे का, हे पॉलिसी घेण्याआधी पाहून घ्या. विमा नियामकानं २०१७ मध्येच वितरकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आमच्याकडूनच विमा घ्या अशी सक्ती वितरकाला करता येत नाही. म्हणून तो सक्ती हा शब्दच वापरत नाही. "विमा आमच्याकडं घेतला तरच ही सवलत," असं म्हणतो. तेव्हा भांडू नका, बेरीज करा. सवलत पंधरा हजारांची आणि विमा अकरा हजारांनी महाग, तर घ्या बिनधास्त. एकगठ्ठा सौदा कधीकधी खरंच स्वस्त पडतो, पण ते बेरीज केल्यावरच कळतं.

कर्जाच्या टेबलावर दुसरा गोड प्रश्न येतो: "हप्ता किती झेपेल?" याचं उत्तर कधीही देऊ नका. हप्ता सांगितला की मुदत त्यांच्या हातात जाते. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये. सात वर्षांसाठी घेतलं तर १२,९०० च्या आत. सदतीसशे रुपये वाचले म्हणून घरी आनंद, आणि व्याज मात्र जवळजवळ ८५ हजारांनी जास्त. त्यातून "फक्त सात टक्के" हे जर फ्लॅट रेटनं असेल तर प्रकरण आणखी वाईट. पाच लाख, पाच वर्षं, फ्लॅट सात टक्के म्हणजे हप्ता ११,२५०. घटत्या शिल्लकीच्या हिशेबानं हाच दर साडेबारा टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला वार्षिक खर्चाचा दर लिहिलेलं मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावंच लागतं. सही करण्याआधी ते मागा. सगळ्यात बरं म्हणजे शोरूमला जाण्याआधी आपल्या बँकेतून मंजुरीचं पत्र घ्यावं. ते खिशात असलं की शोरूमच्या कर्जाचा दरही जरा खाली येतो.

जुन्या गाडीचा भाव आधी बाहेर, दोन ठिकाणी लिहून घ्या. नव्या गाडीवर वीस हजार सोडून जुनीत तीस हजार कापणं हा रोजचा खेळ आहे. ॲक्सेसरीजबद्दल एवढंच, की "एसेन्शियल किट" नावाच्या ओळीत पायपुसण्यापासून डॅशबोर्डवरच्या गणपतीपर्यंत सगळं असतं आणि त्यातलं काहीही सक्तीचं नसतं. अंडरबॉडी कोटिंग आणि टेफ्लॉनही तसंच.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा दबाव मात्र आपणच आणलेला असतो: मुहूर्त. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. त्या दिवशी शोरूममध्ये हारांचा वास, पेढ्यांचे बॉक्स आणि फोटोसाठी रांग. पुढं अंबाबाईला किंवा जोतिबाला जायची घाई. अशा गडबडीत गाडी कोण तपासतंय? माझा सल्ला आमच्या पोरांना आवडायचा नाही: सौदा पितृपंधरवड्यात ठरवा. त्या दिवसांत शोरूम ओस पडतं, मॅनेजर स्वतः चहा विचारतो. बुकिंग तेव्हा करा, गाडी दसऱ्याला घरी आणा. तिचा मुहूर्त चुकत नाही आणि तुमचे पैसे वाचतात.

गाडी तपासायची ती नोंदणी व्हायच्या आधी, दिवसाउजेडी, सावकाश. नंबर पडला की गाडी तुमची, मग दारावरचा ओरखडा तुमचाच. ओडोमीटर बघा. टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, निर्मितीचा महिना आणि साल असतं. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षातली असायला हरकत नाही, पण मग ती मागच्या वर्षाच्या भावात हवी. आणि टोकन कितीही छोटं असो, पैसे शोरूमच्या खात्यावर द्या, पोराच्या मोबाईलवर नको. पावतीवर बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार ते लिहून घ्या.

इतकं करूनही फसगत झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही. पण मोटारीचा व्यवहार सहसा त्याहून मोठा असतो, तारखा पडतात, आणि सात हजारांच्या हँडलिंग चार्जेससाठी कोण वर्षभर खेटे घालणार? विक्रेत्यांना हे नीट माहीत आहे.

म्हणून माझी मागणी परिवहन खात्याकडं आहे. वितरकाला धंदा करायला ट्रेड सर्टिफिकेट लागतं आणि ते आरटीओ देतं. आता तर नव्या खासगी गाडीची नोंदणीही शोरूममधूनच वाहन पोर्टलवर होते. म्हणजे सरकारचं काम वितरकाच्या हातात दिलेलं आहे. मग त्याच्यावर एक अट घाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला ठरलेल्या नमुन्यातला मराठी कागद मिळावा. त्यात डाव्या बाजूला कायद्यानं भरावीच लागणारी रक्कम, उजव्या बाजूला ऐच्छिक रक्कम, खाली सही-शिक्का आणि कोटेशनची मुदत. ऐच्छिक ओळीसमोर "मला हे हवे" अशी गिऱ्हाइकाची वेगळी सही असल्याशिवाय ते पैसे घेता येऊ नयेत. वितरक म्हणतील, भाव इंटरनेटवर दिसतो, गिऱ्हाईक स्वतंत्र आहे. इंटरनेटवर एक्स-शोरूम किंमत दिसते. त्या पोराच्या कागदावरच्या ओळी दिसत नाहीत. सचोटीनं धंदा करणाऱ्या वितरकाचं या कागदानं काही जाणार नाही. उलट शेजारचा हँडलिंगच्या नावाखाली जे उकळतो, त्याच्याशी स्पर्धा करायची त्याची कटकट मिटेल.

असा नियम होईल तेव्हा होईल. तोवर तो कागद आपणच करा: वहीचं एक पान, पाच ओळी, प्रत्येकीसमोर शोरूमचा आकडा आणि बाहेरचा आकडा. त्यावर सही करायला विक्रेता कां कूं करू लागला तर वाईट वाटून घेऊ नका. सांगली तासाभरावर आहे, आणि तिथंही शोरूम आहेत.