सुट्टी इस्पितळातून, औषधांतून नव्हे

आमच्या शाखेतला एक जुना ट्रॅकमन रक्तदाबाच्या त्रासाने इस्पितळात होता. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो न्हाणीत चक्कर येऊन पडला. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. घरात आधीची पट्टी शिल्लक होती, इस्पितळाने दुसऱ्या कंपनीची दिली. नावे दोन, औषध एकच, अम्लोडिपिन. तो दोन्ही गोळ्या इमानाने घेत होता. दोष त्याचा नव्हता. कार्ड इंग्रजीत होते आणि औषधाच्या खिडकीवर मागे लांब रांग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. मग हुबळी, इटारसी, सिकंदराबादला नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी बांधवाने परक्या भाषेत काय समजून घ्यावे?

शिवाय आपली पाळी. कार्डावर १-०-१ लिहिले म्हणजे सकाळी एक, रात्री एक. पण रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या पॉइंट्समनची किंवा टपाल छाननी करणाऱ्या सॉर्टरची सकाळ कोणती? ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन जेवण चुकले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, शुद्धही जाते. हे लाइनवर घडले तर? हृदयात स्टेंट बसवलेला माणूस ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करतो, तेव्हा गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.

काही बांधव मेडिकलमध्ये नापास होण्याच्या भीतीने डॉक्टरांना ड्यूटीच सांगत नाहीत, घरी गोळ्या लपवतात. त्यांना आमचे सांगणे आहे : रेल्वेत डिकॅटेगराइज झालेल्याला पर्यायी काम देण्याचा नियम आहे. त्यासाठी युनियन भांडेल. गेलेला जीव मात्र युनियन परत आणू शकत नाही.

प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे. घरी सोडताना फार्मासिस्टने दहा मिनिटे बसून प्रत्येक गोळी समजावावी आणि रुग्णाकडून ती परत वदवून घ्यावी. औषधाचे मूळ नाव, कशासाठी, केव्हा, किती दिवस, हे रुग्णाच्या भाषेत लिहून द्यावे. कंपनी बदलली तर तसे सांगावे. पुढच्या तारखेपर्यंत पुरेल इतका साठा द्यावा.

पण केवळ मागणी करून आपली जबाबदारी संपत नाही. प्रत्येक शाखेने दोन सभासद नेमावेत. सुट्टी मिळाल्यापासून आठवड्याच्या आत त्यांनी रुग्णाच्या घरी जावे. घरातल्या जुन्या-नव्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालाव्यात आणि रुग्णाबरोबर डॉक्टरांकडे न्याव्यात. ड्यूटीच्या वेळा सांगून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. त्या वेळी वहिनींना किंवा मुलांनाही जवळ बसवावे. स्वतः मात्र कोणतीही गोळी बंद करू नये, बदलूही नये.

संपाच्या वेळी आपण एकमेकांच्या घरी चूल पेटती ठेवली. गोळीची वेळ सांभाळणे त्याहून अवघड नाही.