मुलाला आधी बोलू द्या

मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या, म्हणजे पोक्सो कायद्याच्या, प्रकरणांत मी मुलांसोबत सहायक व्यक्ती म्हणून बसते. २०१२च्या या कायद्यानुसार जबाब पोलिसांनी मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथे, गणवेशाविना घ्यायचा असतो. पण प्रश्न? ते बहुतेक वेळा अधिकाऱ्याच्या सवयीवरच चालतात. ‘काकांनीच हात लावला ना?’ असं विचारलं की घाबरलेलं मूल मान डोलावतं. मग उलटतपासणीत बचावाचे वकील तेवढंच धरतात: नाव तुम्हीच पुरवलंत!

‘काय झालं ते तुला आठवेल तसं सांग,’ एवढं म्हणा आणि थांबा. मूल आधी शाळेचं, पावसाचं, हरवलेल्या चपलेचं बोलेल. बोलू द्या, त्यातच जागा आणि वेळ सापडते. ‘कोण, कुठे’ नंतर. हो-नाहीचे प्रश्न अगदी शेवटी, राहिलेल्या तपशिलापुरते. पोलीस प्रशिक्षणात याचा सराव सक्तीचा करा.