मूठभर काकडं

मृगाची पहिली सर पडून गेली, की कल्याणच्या बाजारात रस्त्याच्या कडेला ठाकर-कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात. ठाणे जिल्ह्यातल्या मैत्रिणींच्या तोंडाला नुसत्या नावानेच पाणी सुटलं असेल! घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते, शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. पान फुटायच्या आधी हा तपकिरी-जांभळा कोंब जमिनीतून वर येतो. जेमतेम काही आठवडे मिळतो. मग वर्षभर दर्शन नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. जुडी चाळीस रुपयांना होती. घासाघीस केल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, ही आपली जुनी खोड! मी तीसवर अडून बसले. बाईने जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि वर ठेवलेली मूठभर काकडं मात्र उचलून परत आपल्या टोपलीत ठेवली. "मग काकडं नाय मिळायची, ताई."

म्हटलं, नाही तर नाही. घरात चिंच आहेच की!

काय सांगू! ह्यांनी पहिला घास घेतला नि घसाच धरला. मुलगा म्हणाला, "आई, भाजी केलीस की खाजकुइली?" सूनबाई बिचारी काही बोलली नाही, पण पाण्याचा तांब्या तिने दोनदा भरून आणला. दहा रुपये वाचवले आणि घरभर खाज वाटली.

रात्री मला किन्हवलीची आठवण झाली. शहापूर-मुरबाड रस्त्यावरचं हे गाव म्हणजे माझं आजोळ. आसनगावला गाडीतून उतरायचं आणि पुढे एस.टी.ने जायचं. शाळा उघडायच्या तोंडावर आमचा मुक्काम संपत यायचा. शेतात राब भाजून झालेले असायचे, हवेत ओल्या मातीचा वास असायचा, आणि एके सकाळी ठाकरीण मावशी शेवळं घेऊन ओटीवर यायची. आजी जुडीला मापटंभर तांदूळ द्यायची. मग पुन्हा आत जायची आणि मूठभर खडेमीठ आणून काकडांसाठी निराळं द्यायची.

एकदा मी विचारलं, "काकडं तर ती जुडीबरोबर देतेच, मग मीठ कशाला?"

आजी म्हणाली, "जुडीचे तांदूळ, काकडांचं मीठ. ज्याच्यावाचून घास उतरत नाही, ते फुकटात धरू नये."

तेव्हा मला ते आजीचं उगाच वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच बाईकडे गेले. चाळीस रुपये मुकाट्याने दिले, काकडांचे वेगळे काढले. ती हसली. म्हणाली, "शेवळं बांधालाबी गावतात ताई. काकडाचं झाड लांब. त्याच्यावर चढावं लागतं."

म्हणजे जी वस्तू मी 'वरची' समजत होते, तिच्यासाठीच पायपीट जास्त!

आता कृती सांगते. हाताला तेल लावून शेवळं सोला. आतल्या दांड्याचा पिवळा भाग आठवणीने काढून टाका, तो फार खाजरा. बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परता. काकडं ठेचून, बिया काढून वाटा आणि त्यांचा रस गाळून भाजीत घाला. मग सोललेले वाल किंवा कोळंबी, तिखट, मीठ, गरम मसाला घालून मंद आचेवर नीट शिजू द्या. सुरण-अळूसारखेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून परतण्यात आणि आंबटात हात आखडू नका.

या वेळी भाजी अशी झाली, की पातेलं पुसून खाल्लं. ह्यांनी शेवळांचं कौतुक केलं, मुलाने माझ्या हाताचं. आणि मला एकदम ती उचलून परत ठेवलेली काकडं आठवली. वाल काही मी केले नव्हते. दोन दिवस आधी ते भिजत घालून, मोड आणून, कामावरून आल्यावर एकेक करून सूनबाईने सोलले होते. भाजी माझी, आणि वाल आपले जुडीबरोबर आलेले!

आपण सगळ्याच जणी कधी ना कधी घरातली काकडं असतो. कुणाचं औषध संपत आलं, विरजण लावलं का, डब्यात लिंबाची फोड गेली का, हे कुणी मोजत नाही. नसलं, की मगच घसा धरतो. पण आपल्याला मोजलं नाही म्हणून कुरकुरणारी मी, दुसरीचं तरी कुठे मोजत होते?

जेवता जेवता मोठ्याने सांगितलं, "वाल तिने सोललेत." सूनबाईने चमकून वर पाहिलं. तिला या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. असं चारचौघांत मी पहिल्यांदाच बोलले, हेही तुमच्याजवळ कबूल करते.