पाटीबदलाचा पॅच

लिनक्सच्या सर्व्हरवर 'पीएस' ही कमांड दिली की चालू प्रोसेसची यादी समोर येते. तिथे पोस्टग्रेसचा डेटाबेस असेल तर त्याच्या एकेका प्रोसेसपुढे वापरकर्ता कोण, डेटाबेस कोणता आणि सध्या काय चाललंय, हे लिहिलेलं दिसतं. रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या माणसाला 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' ही अक्षरं दिसली की कळतं, व्यवहार अर्धवट टाकून हा इथे बसून राहिलाय. दारावरची ही पाटी प्रोसेस स्वतःच रंगवते आणि काम बदललं की पुन्हा रंगवते. फुकटात मिळणारी एवढी उपयोगी माहिती दुसरी नाही.

पण लिनक्सवर ही पाटी बदलायचा सरळ मार्ग नाही. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांच्याकडे त्यासाठी 'सेटप्रॉकटायटल' नावाचं फंक्शन आहे. लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत ते नाही. कर्नलकडून नाव बदलून मिळतं, पण ते सोळा बाइटांत बसवावं लागतं आणि शेवटचा बाइट शून्याचा. उरले पंधरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे पाचच चिन्हं. कोणी प्रोसेसचं नाव 'पांडुरंग' ठेवलं तर कर्नल कसलीही तक्रार न करता त्याचा 'पांडु' करून टाकतो.

मग लांब पाटी हवी असलेल्यांनी काय करावं? त्यांनी पायवाट शोधली. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला दिलेले आर्ग्युमेंट मेमरीत एका ओळीत ठेवलेले असतात. 'पीएस' तीच ओळ दाखवतं. प्रोग्रॅम त्या ओळीवरच नवा मजकूर लिहितो. जागा पुरली नाही तर शेजारी एन्व्हायर्नमेंटची अक्षरं असतात. ती दुसरीकडे हलवायची आणि तिथेही पसरायचं. भटाला दिली ओसरी, दुसरं काय! कर्नलनेही हे पोटात घातलं. आर्ग्युमेंटच्या शेवटी असायला हवा तो शून्य बाइट जागेवर नसेल, तर पाटी बदलली आहे असं गृहीत धरायचं आणि पुढे वाचत जायचं, अशी खास सोय कोडात झाली.

याला सरळ मार्ग देणारा पॅच २००९ मध्ये मांडला गेला होता. माझी पाटी मेमरीच्या या भागात आहे, एवढं प्रोग्रॅमने कर्नलला सांगायचं, बस. मुख्य कर्नलमध्ये तो कधीच आला नाही. २०१२ मध्ये जवळपास तेच करणारी सोय आली, पण ती चालती प्रोसेस गोठवून पुन्हा उभी करणाऱ्यांसाठी. त्यासाठी लागणारा अधिकार साध्या प्रोग्रॅमकडे नव्हता. पायवाटेची रहदारी काही कमी झाली नाही.

जुलै २०१९ मध्ये आर्ग्युमेंटची ओळ वाचणाऱ्या कर्नलच्या कोडात एक चूक सापडली. कर्नलच्या बफरमधला, कोणी न भरलेला एक बाइट बाहेर जाऊ शकत होता. लिनस टॉरवाल्ड्सने सगळ्या खास सोयी काढून कोड धुऊन-पुसून स्वच्छ केला आणि त्याला जोडूनच दुसऱ्या बदलात पाटीबदलाची सोय परत आणली, या वेळी वेगळ्या फंक्शनमध्ये, नीट लेबल लावून. चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा कर्नलचा नियम. मालकाने अंगण झाडलं, पण पायवाट तशीच ठेवावी लागली.

म्हणून पाटीबदलाचा कोणताही पॅच आला की 'असल्या फुटकळ गोष्टीसाठी कर्नलला हात कशाला' हे उत्तर पुरेसं नाही. नकाराचाही खर्च असतो, आणि तो पुढे पंधरा-वीस वर्षं कोडात दिसत राहतो. डोळे झाकून होकार देणं मात्र त्याहून वाईट. पाटीचा सुरुवातीचा आणि शेवटचा, असे दोन पत्ते एकदम बदलावे लागतात. त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर 'पीएस' वाचत असेल तर एक पत्ता जुना आणि एक नवा हाती येतो आणि भलतीच मेमरी बाहेर पडते. या पत्त्यांसाठी कर्नलमध्ये स्वतंत्र लॉक यायला २०१८ उजाडलं. त्याच वर्षी आणखी एक खोड उघड झाली. हल्लेखोर आपल्या आर्ग्युमेंटची जागा स्वतःच्या ताब्यातल्या फाइलसिस्टिमवर नेऊन ठेवी आणि ती पाटी वाचायला गेलेलं 'पीएस' तिथेच लटकून राही. पाटी रंगवणाऱ्याच्या घरात असली की वाचणाऱ्यालाही त्या घरात पाय टाकावा लागतो.

आणि पाटीवरचं खरं असतं असं कोणी सांगितलं? नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटभर पसरलेल्या मॉरिस वर्मने आपली आर्ग्युमेंट पुसून नाव 'एसएच' करून ठेवलं होतं, म्हणजे यादी चाळणाऱ्याला साधा शेल वाटावा. आजचे घुसखोर चौकोनी कंसात कर्नलच्याच एखाद्या थ्रेडचं नाव लावून बसतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तेव्हा रिव्ह्यू करणाऱ्याने पॅच किती ओळींचा आहे ते मोजू नये. वाचणाऱ्याच्या हाती अर्धी जुनी, अर्धी नवी पाटी कधी पडेल का, वाचणारा अडकेल का, आणि कर्नलची स्वतःची नोंद (प्रोसेस क्रमांक, मालक, चालणारी फाइल) पाटीपासून वेगळी राहते का, एवढं विचारावं. तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर पॅच घ्यावा, कारण दार बंद ठेवून लोक यायचे थांबलेले नाहीत. आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी संशय आला की पाटी वाचत बसू नये. प्रोसेसमागे खरी फाइल कोणती चालते आहे, ते कर्नलच्या 'प्रॉक' फाइलसिस्टिममध्ये जाऊन पाहावं.