दडवलं म्हणून खरं?

आमच्या हॉस्टेलवर ‘द दा विंची कोड’ पानं सुटेपर्यंत फिरलं. वाचून झालं की जो तो रात्री दोन वाजता हेच सांगणार, “चर्चने खरी शुभवर्तमानं दडवली, त्यांत येशू साधा माणूस होता!” मीही सांगत फिरलो. मग लायब्ररीत त्या ‘दडवलेल्या’ पुस्तकांचं भाषांतर हाती लागलं आणि मीच क्लीन बोल्ड झालो.

१९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना एका रांजणात १३ जुन्या पोथ्या सापडल्या. त्यांतलं बरंचसं लिखाण ज्ञानवादी, म्हणजे नॉस्टिक पंथांचं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं: हे जग परमेश्वराने नव्हे, एका कनिष्ठ निर्मात्याने केलं, शरीर हा तुरुंग, सुटका होते ती गूढ ज्ञानाने. काही ग्रंथांत तर खरा येशू क्रुसावर मेलाच नाही!

उलट मुख्य प्रवाहातलं चर्च सांगतं, जग देवानेच निर्मिलं आणि ते चांगलं आहे. येशू देव, पण हाडामांसाचा माणूससुद्धा. त्याला भूक लागली, तो रडला, खरोखर मेला आणि सदेह उठला.

आता सांगा, येशूचं माणूसपण जपलं कोणी? शिवाय शुभवर्तमानं चारच, हा आग्रह बिशप इरेनियस इ. स. १८० च्या सुमारासच धरत होता. निकाईयाची परिषद भरली ३२५ साली.

ज्ञानवाद्यांचे ग्रंथ चर्चने नाकारले, हे खरंच. ते जरूर वाचावेत. पण नाकारलं म्हणून खरं, हा कुठला न्याय? मित्रांनो, लॅबमधलं रीडिंग आपण दोनदा घेतो. मग रात्री दोनच्या गोष्टीला एवढी सूट का?