भर उन्हात नळीची वाट? आधी मागे फिरण्याची वेळ ठरवा

एप्रिल-मे उजाडला की सुट्ट्या लागतात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ट्रेकच्या जाहिराती फिरू लागतात. त्यात हरिश्चंद्रगडाची ‘नळीची वाट’ही असते. माझं मत स्पष्ट आहे: ही वाट उन्हाळ्यासाठी नाही. तरीही जाणारच असाल, तर हे समजून घ्या.

ही वाट फसवते कशी?
बेलपाड्याहून निघालेली ही वाट कोकणकड्याच्या बाजूने, मोठमोठ्या दगडधोंड्यांतून वर चढते. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे. त्यामुळे सकाळी सावली मिळते आणि ‘ऊन कुठे आहे?’ असं वाटतं. दुपारी सूर्य समोर येतो, काळा कातळ तापतो. तोवर तुम्ही निम्म्याहून अधिक वर असता. पाय थकलेले, पाणी संपत आलेलं आणि उतरणं चढण्याइतकंच अवघड.

शरीरात काय होतं?
चढताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. कोकणाकडच्या दमट हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही. त्यामुळे पारा ३६ अंशांवर असला तरी धोका टळत नाही. एसीत बसणाऱ्या शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, एका शनिवारात ती होत नाही.

धोक्याची खूण कोणती?
डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही पहिली सूचना. तिथेच सावलीत थांबा, ओआरएस घ्या. पण सोबती असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. यात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ शकतं. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ वर फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मग करायचं काय?
पहाटे निघा. वरच्या टाक्यांत पाणी असेलच, असं गृहीत धरू नका. गावातला वाटाड्या घ्या आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर ऐका. सर्वांत महत्त्वाचं, निघण्यापूर्वीच मागे फिरण्याची वेळ ठरवा. नळीच्या अवघड टप्प्याआधी ती वेळ उलटली, तर परत फिरा.

इथेच खरी अडचण आहे. पैसे भरलेले असतात, सुट्टी घेतलेली असते, फोटो टाकायचे असतात. आयोजकालाही पैसे परत करावे लागण्याची धास्ती असते. म्हणून ‘उन्हामुळे ट्रेक रद्द झाला तर पूर्ण पैसे परत’ हे जाहिरातीतच लिहिलेलं असायला हवं. नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी तुम्ही विचारा.

कोकणकडा नोव्हेंबरातही तिथेच असणार आहे. तो पाहायला आपण धडधाकट असलो म्हणजे झालं.